एकाचे अनेक : इंग्रजी अनेकवचनाची घडण

इंग्रजी नामाचे अनेकवचन करण्याचा नियम एका वाक्यात सांगून होतो. नामाच्या शेवटी 'एस' जोडावा. बुकचे बुक्स, कॅटचे कॅट्स. शालेय व्याकरणाच्या पुस्तकात मात्र हे एक वाक्य संपले की पुढची दोन पाने अपवादांनी भरलेली असतात. ऑक्स-ऑक्सन, फुट-फीट, माऊस-माइस, थीफ-थीव्ह्ज. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असो की रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण असो, अनेक पिढ्यांनी या जोड्या घोकून पाठ केल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तेव्हापासून ही घोकंपट्टी आणखी लहान वयात सुरू झाली.

यातली विसंगती अशी की, ज्या अपवादांवर एवढी शक्ती खर्च होते, तेथे मोठेपणी सहसा कोणी चुकत नाही. कार्यालयीन पत्रात बैलांविषयी किंवा उंदरांविषयी लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. चुका होतात त्या फर्निचर, इन्फर्मेशन, अॅडव्हाइस, स्टाफ अशा रोजच्या शब्दांत. अर्जात 'इन्फर्मेशन्स' लिहिणाऱ्या उमेदवाराला 'ऑक्सन' हे रूप अचूक पाठ असते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर इंग्रजी अनेकवचनाची घडण आणि मराठीची पद्धत या दोन्हींकडे एकत्र पाहावे लागते.

मराठीत अनेकवचन ठरते ते नामाच्या लिंगावरून आणि त्याच्या शेवटच्या स्वरावरून. आकारान्त पुल्लिंगी 'आंबा'चे 'आंबे' होते. पण 'हात', 'दगड', 'कवी', 'लाडू' ही पुल्लिंगी नामे दोन्ही वचनांत तशीच राहतात. स्त्रीलिंगात 'भिंत'चे 'भिंती', 'वेळ'चे 'वेळा', 'नदी'चे 'नद्या', 'सासू'चे 'सासवा' होते आणि 'भाषा' मात्र बदलत नाही. नपुंसकलिंगात 'घर'चे 'घरे', 'केळे'चे 'केळी', 'पिल्लू'चे 'पिल्ले'. परकीयाला ही व्यवस्था भयंकर वाटते. मराठी भाषकाला तिची जाणीवही नसते.

इंग्रजीचे जुने रूप

सुमारे हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी याबाबतीत मराठीच्या बरीच जवळ होती. तिच्यातही तीन लिंगे होती आणि नामाच्या वर्गानुसार अनेकवचनाचे प्रत्यय निरनिराळे होते. दगड या अर्थाच्या 'स्टान' या पुल्लिंगी नामाचे 'स्टानास' होई. बैल या अर्थाच्या 'ऑक्सा'चे 'ऑक्सान' होई. जहाजाला वेगळाच 'उ' लागे. मेंढी आणि हरीण यांचे आजचे शब्द, शीप आणि डिअर, हे त्या काळात नपुंसकलिंगी होते आणि त्यांच्या वर्गातील नामांना कर्ता व कर्म विभक्तीच्या अनेकवचनात कोणताच प्रत्यय लागत नसे. मराठीत 'एक दगड, दहा दगड' म्हणावे तसाच हा प्रकार. शीप आणि डिअर आजही अनेकवचनात बदलत नाहीत, त्याचे मूळ येथे आहे. डिअर या शब्दाचा जुना अर्थ केवळ हरीण नव्हे, तर कोणताही प्राणी असा होता. अर्थ आक्रसला, रूप तेच राहिले.

पुढे इंग्लंडमध्ये डॅनिश वसाहती झाल्या, १०६६ साली नॉर्मन आले. शब्दांच्या शेवटच्या, आघात नसलेल्या स्वरांचे उच्चार आधीच क्षीण होत होते. ते एकमेकांत मिसळले. लिंगव्यवस्था कोलमडली. अनेकवचनाच्या अनेक प्रत्ययांपैकी प्रामुख्याने दोन शिल्लक उरले : 'स' आणि 'एन'. उत्तर इंग्लंडात 'स'चे राज्य लवकर प्रस्थापित झाले, दक्षिणेत 'एन' पुष्कळ काळ टिकून होता. डोळ्यांना 'आयन' आणि जोड्यांना 'शून' म्हणणारी माणसे तेथे होती.

या दोन प्रत्ययांच्या झुंजीची एक नोंद इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने करून ठेवली आहे. १४९० साली छापलेल्या 'एनीडॉस' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की थेम्स नदीतून झीलंडकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर थांबले. त्यांच्यापैकी एकाने एका घरी जाऊन खाण्यासाठी अंडी मागितली. त्याने वापरलेला शब्द होता 'एग्ज'. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. अखेर दुसऱ्या एकाने 'आयरेन' हवीत असे सांगितले, तेव्हा तिला उमगले. 'एग' हा शब्द स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांकडून आलेला; 'आयरेन' हा दक्षिणेचा जुना, 'एन' प्रत्ययाचा शब्द. दोघेही इंग्रजीच बोलत होते. पुढच्या काळात 'आयरेन' लोपला आणि मुद्रणाने 'स'चा विजय पक्का केला.

पराभूत 'एन'चे अवशेष आज बोटांवर मोजण्याएवढे आहेत : ऑक्सन, चिल्ड्रन आणि धार्मिक वा संघटनेच्या संदर्भात वापरला जाणारा ब्रेद्रन. यातील चिल्ड्रनची कथा गमतीची आहे. मूळ 'चिल्ड' शब्दाचे अनेकवचन 'चिल्ड्रू' असे होई. त्यातील 'र' हाच अनेकवचनाचा सूचक होता. कालांतराने लोकांना ते रूप पुरेसे अनेकवचनी वाटेनासे झाले, म्हणून त्यावर 'एन' चढवला गेला. म्हणजे चिल्ड्रन हे दुहेरी अनेकवचन आहे. आपल्याकडे 'चिल्ड्रन्स आर प्लेइंग' असे वाक्य ऐकू येते, तेव्हा त्याच शब्दावर तिसरा थर चढत असतो.

फुट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, मॅन-मेन, माऊस-माइस या जोड्यांचा इतिहास याहूनही जुना आहे. लिखित इंग्रजीच्या आधीच्या काळात या नामांच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' हा स्वर होता. पुढे 'इ' उच्चारायचा आहे, या तयारीने जीभ आधीच पुढे सरके आणि मधला स्वर बदलून जाई. नंतर शेवटचा 'इ' गळून पडला आणि बदललेला मधला स्वर तेवढा अनेकवचनाची खूण म्हणून राहिला. एकेकाळी बुक आणि नट या शब्दांचे अनेकवचनही असेच स्वर बदलून होई. ते शब्द पुढे 'स'च्या पंक्तीत जाऊन बसले.

हा बदल फक्त त्या काळच्या जुन्या शब्दांत झाला, हे लक्षात घेतले की एका नेहमीच्या कोड्याचे उत्तर मिळते. गूसचे गीस, मग मंगूसचे काय? हा शब्द इंग्रजीने चक्क मराठी 'मुंगूस'वरून घेतलेला आहे. युरोपातील त्या स्वरबदलानंतर शेकडो वर्षांनी तो इंग्रजीत दाखल झाला. त्यामुळे त्याचे अनेकवचन 'मंगूसेस' असे सरळ होते.

कानाचा नियम

लिहिताना एकच 'एस' दिसत असला तरी त्याचे उच्चार तीन आहेत. क, ट, प, फ यांसारख्या अघोष ध्वनींनंतर तो स्वच्छ 'स' असतो : बुक्स, कॅट्स. घोष व्यंजनांनंतर आणि स्वरांनंतर तो 'आवाज' या शब्दाच्या शेवटी ऐकू येणाऱ्या ज सारखा उच्चारला जातो : डॉग्ज, गर्ल्ज, डेज. स, श, च, ज अशा ध्वनींनंतर मध्ये एक स्वर घ्यावा लागतो : बसेस, डिशेस, मॅचेस, पेजेस. या शेवटच्या गटातही अखेरचा ध्वनी खरे तर ज च असतो. मराठी लेखनात 'टाइम्स', 'फ्रेंड्स' अशी रूपे रुळलेली असल्याने तसाच उच्चार केला जातो. मूळ उच्चार 'टाइम्ज', 'फ्रेंड्ज' यांच्या जवळचा आहे.

ज्या शब्दाला 'ई-एस' जोडावे लागते, त्याची गुरुकिल्लीही हीच. बॉक्स, ब्रश, चर्च यांना 'ई' लागतो, कारण जीभ तेथे स्वराशिवाय पुढे जाऊ शकत नाही. स्टमक या शब्दाच्या शेवटी 'सी-एच' ही अक्षरे असली तरी उच्चार 'क' आहे, म्हणून तेथे नुसता 'एस' पुरतो. नियम डोळ्याने न शिकता कानाने शिकला, तर अर्धी यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

इंग्रजी मातृभाषा असलेली मुले तो कानानेच शिकतात. अमेरिकी भाषावैज्ञानिक जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक पक्ष्यासारख्या प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' असल्याचे सांगितले होते. मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडले. मुलांनी ते 'वग्ज' या शब्दाने पूर्ण केले. हा शब्द त्यांनी पूर्वी कधीही ऐकलेला असणे शक्य नव्हते. म्हणजे त्यांच्याजवळ शब्दांची यादी नव्हती, नियम होता. 'टॅस' या बनावट शब्दापुढे मात्र बरीच मुले अडखळली आणि त्यांनी तो तसाच ठेवला. स्वर मध्ये घालण्याची युक्ती मुलांना उशिरा साधते.

नाइफचे नाइव्ह्ज, लीफचे लीव्ह्ज, वाइफचे वाइव्ह्ज ही रूपेही ध्वनीतूनच आलेली आहेत. जुन्या इंग्रजीत 'फ' दोन स्वरांच्या मध्ये आला की त्याचा उच्चार 'व्ह' होई. अनेकवचनात प्रत्ययाचा स्वर येई, म्हणून 'फ'चा 'व्ह' झाला. चीफ, बिलीफ, रूफ, प्रूफ यांनी ही वाट धरली नाही. त्यांना 'एस' पुरतो. स्कार्फ, हूफ, व्हार्फ यांची दोन्ही रूपे चालतात. ड्वॉर्फ या शब्दाचे रूढ अनेकवचन 'ड्वॉर्फ्स'. परंतु टॉल्किन यांनी १९३७ सालच्या 'द हॉबिट'मध्ये 'ड्वॉर्व्ह्ज' वापरले आणि त्यांच्या वाचकवर्गामुळे ते रूप इतके पसरले, की आज शब्दकोश दोन्ही देतात. हाऊस हा शब्द तर अधिकच फसवा आहे. स्पेलिंगमध्ये काहीच बदल दिसत नाही, पण अनेकवचनात मधला 'स' बदलून उच्चार 'हाऊजिज' असा होतो.

अक्षरांचा घोळ

'वाय'ने संपणाऱ्या शब्दांचा नियम सोपा आहे. 'वाय'आधी व्यंजन असेल तर 'आय-ई-एस' (सिटीज, बेबीज), स्वर असेल तर केवळ 'एस' (बॉइज, कीज). विशेषनामांचे स्पेलिंग मात्र मोडत नाहीत. केनेडी घराण्यातील मंडळींविषयी लिहिताना 'वाय' कायम ठेवून पुढे 'एस' जोडतात.

'ओ'ने संपणाऱ्या शब्दांत खरा गोंधळ आहे. पोटॅटो, टोमॅटो, हीरो, एको, व्हेटो यांना 'ई-एस' लागतो. पियानो, फोटो, रेडिओ, स्टुडिओ, किलो यांना नुसता 'एस'. 'ओ'च्या आधी स्वर असल्यास, तसेच शब्द आखूड करून बनवलेला असल्यास, 'ई' टाळतात. मँगो आणि कार्गो दोन्हीकडे चालतात. या एका 'ई'ने एका राजकारण्याला कायमचे हास्यास्पद केले. १५ जून १९९२ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील शाळेत गेले असता एका बारा वर्षांच्या मुलाने फळ्यावर पोटॅटोचे स्पेलिंग बरोबर लिहिले. क्वेल यांनी त्याला शेवटी 'ई' जोडायला लावला. त्यांच्या हातात दिलेल्या पत्त्यावरच स्पेलिंग चुकीचे होते, हे नंतर स्पष्ट झाले. पण तोवर व्हायचे ते हसे झाले होते. अनेकवचनातला 'ई' एकवचनात शिरण्याची ही चूक इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांकडूनही सर्रास होते.

अॅपॉस्ट्रॉफीचा अनेकवचनाशी संबंध नाही. दुकानांच्या पाट्यांवर 'सीडी' किंवा 'पिझ्झा' या शब्दांपुढे तो लटकवलेला दिसतो. ब्रिटनमध्ये या खोडीला भाजीवाल्याचा अॅपॉस्ट्रॉफी असे नाव पडले आहे.

लॅटिन आणि ग्रीक पाहुणे

पंडितांनी ग्रंथांतून आणलेल्या शब्दांनी आपली मूळची अनेकवचने सोबत आणली. क्रायसिसचे क्रायसीज, थीसिसचे थीसीज, क्रायटेरियनचे क्रायटेरिया, फिनॉमेननचे फिनॉमेना, बॅक्टेरियमचे बॅक्टेरिया. 'ए क्रायटेरिया' असे लिहिणे म्हणूनच अशुद्ध ठरते. एखाद्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी स्वतःला 'अॅल्युम्नाय' म्हणवून घेतो, तेव्हा तो नकळत बहुवचनी होतो. एकटा असेल तर तो 'अॅल्युम्नस', ती असेल तर 'अॅल्युम्ना'.

तरीही मूळ भाषेचा आग्रह किती धरावा, याला मर्यादा आहे. अजेंडा हे मुळात अनेकवचन. आज ते निर्विवाद एकवचन असून त्याचे 'अजेंडाज' होते. डेटा त्याच वाटेवर आहे : शास्त्रीय लेखनात अनेकवचन, एरवी एकवचन. ऑक्टोपसचे 'ऑक्टोपाय' करणाऱ्यांचे लॅटिन तर फसवे आहे, कारण तो शब्द ग्रीक मूळचा. 'ऑक्टोपसेस' हेच बरे. शिक्षणक्षेत्रात ऐटीत वापरल्या जाणाऱ्या 'सिलॅबाय'चीही तीच गत. सिलॅबस हा शब्दच मुळी सिसेरोच्या पत्रांच्या जुन्या छापील आवृत्तीतील एका ग्रीक शब्दाच्या चुकीच्या वाचनातून जन्मला. जो शब्द लॅटिनमध्ये कधी नव्हताच, त्याच्या लॅटिन अनेकवचनाचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. 'सिलॅबसेस' लिहिणाऱ्याला कमी लेखू नये.

बस या शब्दाचा प्रवास तर थक्क करणारा आहे. लॅटिनमधील 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातील 'बस' हा अनेकवचनी चतुर्थीच्या प्रत्ययाचा तुकडा. शब्दाचे धड गळाले, शेपूट तेवढे उरले आणि ते वाहनाचे नाव झाले. त्या शेपटाला इंग्रजीने पुन्हा 'ई-एस' लावला. मराठीने हा 'बसेस' जसाच्या तसा घेतला आणि सोबत 'बसगाड्या' हा आपला पर्यायही घडवला.

मोजता न येणारी नामे

मराठी भाषकाची खरी परीक्षा येथे आहे. इंग्रजी नामे मोजता येणारी आणि न येणारी अशा दोन गटांत विभागते आणि ही विभागणी वस्तूवर नव्हे, भाषेच्या सवयीवर अवलंबून असते. मराठीत बातमी मोजता येते : एक बातमी, चार बातम्या. इंग्रजीतील 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही एकवचनी आहे आणि मोजता येत नाही. चार बातम्या म्हणजे 'फोर आयटम्स ऑफ न्यूज'. मराठीत डोक्यावरचे केस अनेकवचनी : 'केस पांढरे झाले'. म्हणून 'माय हेअर्स आर ग्रे' असे वाक्य सहज तयार होते. इंग्रजीत संपूर्ण केशसंभार 'हेअर' या एकवचनानेच सांगतात. 'हेअर्स' म्हणजे सुटे, मोजलेले दोन-चार केस. मराठीत सूचना अनेक, सल्लेही अनेक. इंग्रजीत 'अॅडव्हाइस' अनेकवचनात जात नाही. फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क, सीनरी, मशिनरी या सर्वांचे तसेच. एकेक नग सांगायचा तर 'ए पीस ऑफ' हा आधार घ्यावा लागतो. मराठीतील 'सामान' हा शब्द याच स्वभावाचा आहे. 'सामाने' असे कोणी म्हणत नाही. 'सामानाचे चार डाग' म्हणतात. लगेजसाठी 'सामान' हीच चाल मनात ठेवली तर चूक होत नाही. स्टाफ हा समूहवाचक शब्द आहे. एका कचेरीतील माणसे कितीही असली तरी स्टाफ एकच.

उलट बाजूने, कात्री, विजार, चष्मा या मराठीत एकवचनी वस्तू इंग्रजीत सदैव अनेकवचनी : सिझर्स, ट्राउझर्स, स्पेक्टॅकल्स. दोन पाती, दोन पाय, दोन भिंगे यांचा हा परिणाम.

मराठीने उसने घेतलेले इंग्रजी शब्द या गोंधळात भर घालतात. मुंबईच्या लोकलमध्ये 'एक लेडीज उभी आहे' असे सर्रास ऐकू येते. 'लेडीज डबा' या प्रयोगातून ते अनेकवचन एकवचन बनून बसले. 'एक शूज हरवला', 'एक चिप्स दे' यांचेही तसेच. मराठी बोलताना यात काही वावगे नाही. प्रत्येक भाषा पाहुण्या शब्दाला आपल्या घरच्या रीतीने वागवते. बँकेच्या 'बँका', फाइलीच्या 'फाइली' याच न्यायाने झाल्या. इंग्रजीनेही तेच केले आहे. तिने 'पीझ' हा वाटाण्याचा जुना एकवचनी शब्द अनेकवचन समजून कापला आणि 'पी' हे नवे एकवचन तयार केले. चेरीचा जन्मही फ्रेंचमधील अशाच शब्दाचा 'स' कापून झाला. मात्र मराठीतील 'एक लेडीज' इंग्रजी वाक्यात नेली की ती चूक ठरते.

संख्येनंतरच्या शब्दांविषयीही सावध राहावे लागते. 'टू हंड्रेड', 'फाइव्ह डझन' यांत 'एस' नाही. 'हंड्रेड्स ऑफ पीपल' यात आहे, कारण तेथे नेमकी संख्या नाही. रुपये अनेक असले तर 'टेन रुपीज', पण नोट 'टेन-रुपी' असते. विशेषण म्हणून आलेले नाम एकवचनातच राहते. मदर-इन-लॉ, पासर-बाय अशा जोडशब्दांत मुख्य शब्दाला प्रत्यय लागतो, म्हणून सासवा म्हणजे 'मदर्स-इन-लॉ'.

वचनाचा प्रश्न कायद्यालाही सोडवावा लागला आहे. भारताच्या १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १३ नुसार, संदर्भाला बाध येत नसेल तर कायद्यातील एकवचनी शब्दात अनेकवचनाचा आणि अनेकवचनी शब्दात एकवचनाचा समावेश होतो. त्यामुळे प्रत्येक कलमात 'व्यक्ती किंवा व्यक्तींनी' असे लिहिण्याचा खटाटोप वाचला. अमेरिकेत मात्र एक 'एस' राष्ट्राच्या स्वरूपाशीच निगडित होता. 'युनायटेड स्टेट्स' हे नाव रूपाने अनेकवचनी आहे आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या १८६५ सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीत त्यासाठी 'देअर' म्हणजे 'त्यांच्या' हे सर्वनाम वापरलेले आहे. अनेक राज्ये असा तो अर्थ होता. यादवी युद्धानंतरच्या दशकांत एकवचनी प्रयोग वाढत गेला आणि आज त्या नावापुढे 'इज' हेच क्रियापद येते.